देव्हाऱ्यातला पासपोर्ट

व्हिडिओ टाकून चौथा दिवस होता. गुरुवारी सकाळी उपासना बेसमेंटचा जिना चढून वर आली. पायांत नुसते मोजे, हातात फोन. मी पोह्यांवर झाकण ठेवत होते.

“काकू, तुमचं शनिवारचं कीर्तन यूट्यूबवर आहे?”

“आहे की. अरुण, किती झाले रे?”

“चारशे अठरा!” अरुणने टेबलावरूनच सांगितलं. मोटारींच्या कंपनीतून निवृत्त झाल्यापासून माझी कीर्तनं रेकॉर्ड करून चॅनेलवर टाकणं हा त्याचा उद्योग. एरवी आमची मजल साठ-सत्तरच्या पुढे जात नाही. “बघ उपासना, तुझ्या इलेक्शनआधी तुझी काकू फेमस होणार.”

“काका, तो काढा. आत्ता.”

तिचा आवाज चढला नव्हता. पण अरुणने चमचा खाली ठेवला आणि लॅपटॉप ओढला.

“डिलीट की प्रायव्हेट?”

“आधी एक कॉपी मला द्या. मग डिलीट.”

“अगं, पण झालं काय?” मी विचारलं.

“तिच्या आईला आला तो व्हिडिओ. भजनी मंडळाच्या ग्रुपवर. आईने तिला फोन करून विचारलं, तुझ्या हॉटेलात पण असाच देव्हारा होता ना गं?”

कोणाच्या आईला, हे मला विचारावं लागलं नाही. गॅस बंद करून मी तिथेच स्टुलावर बसले.

त्या मुलीला मी इथे रुपाली म्हणते. हे तिचं खरं नाव नाही. तिने स्वतः निवडून दिलेलं आहे. तिच्या गावाचं नाव लिहीत नाही, आणि फिनलंडमधल्या ज्या शहरात ती होती त्याचंही.

उपासना मूळची नागपूरची. वकिली शिकली, स्कॉलरशिपवर फिनलंडला तुर्कूला गेली, मानवी हक्कांचा कायदा शिकली आणि मग वीस वर्षं जगभर माणसांचे जबाब घेत हिंडली. छावण्यांमध्ये, तुरुंगांमध्ये, एकदा तर म्हणे भर समुद्रात एका बोटीवर. जिनिव्हात ऑफिस, पण राहायची तुर्कूलाच. सहा वर्षं घासून फिनिश शिकली, नागरिक झाली, शहराच्या कौन्सिलवर दोनदा निवडून आली. मागच्या वेळी संसदेला उभी राहिली आणि थोडक्यात पडली. आता एप्रिलमध्ये पुन्हा निवडणूक होती. मधल्या काळात एका सेमिस्टरपुरती ती इथे अमेरिकेत, ॲन आर्बरला आली होती, कायद्याच्या मुलांना साक्षीदाराचा जबाब कसा घ्यायचा ते शिकवायला. आमचं बेसमेंट आम्ही युनिव्हर्सिटीत येणाऱ्यांना भाड्याने देतो, तसं तिला दिलं.

पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं होतं, “काकू, मी बौद्ध. तुमच्या देवाला हात जोडणार नाही. पण कीर्तन असेल तर पहिल्या रांगेत बसणार.”

“का बरं?”

“माझी आजी गात असे. देव तुमचा, ताल माझा.”

आणि खरंच बसायची. झांज अशी धरायची की अरुणचा तबला घाबरून सरळ वाजायचा. तो तिला रोज छळायचा. फिनलंडमध्ये मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव नसतं, मतदार उमेदवाराचा नंबर लिहितात, हे कळल्यापासून तो सकाळी हाक मारायचा, “काय नंबर, उठलीस का?”

“नंबर अजून मिळाला नाही काका. आधी पक्षाने यादीत घेऊ दे.”

सप्टेंबरमध्ये एके दिवशी क्लास संपवून बसने घरी आली ती गप्प गप्प. मी मेथी निवडत बसले होते. तीही बसली, एक जुडी पुढ्यात ओढली. विद्यार्थ्याने काहीतरी विचारलं होतं आणि तिच्या डोक्यात एक जबाब फिरत होता. तो तिने मला सांगितला. नाव नाही, गाव नाही. एक मराठी मुलगी हॉटेलात स्वयंपाक करायला म्हणून परदेशी जाते. मालक आपल्याकडचाच. कामावर घेतल्या दिवशी तो पासपोर्ट मागून घेतो आणि किचनमागच्या देव्हाऱ्यात, देवांच्या पाटाखाली, लाल कापडात ठेवतो. म्हणतो, देवाच्या पायाशी आहे, इथून काही हरवत नाही. आणि मग अकरा महिने ती मुलगी दिवसाचे चौदा तास राबते, आणि रोज सकाळी त्याच देवांची पूजाही तिच्याकडेच असते. स्वतःच्या पासपोर्टवर फुलं वाहायची, उदबत्ती ओवाळायची आणि कणीक मळायला जायचं. कुलूप नाही, कडी नाही. देवाच्या पाटाखाली हात घालायचा धीर कोणाला होत नाही, हे मालकाला पक्कं ठाऊक.

“मग?” मी विचारलं होतं.

“मग एक दिवस तिने पाट उचलला.”

मेथीची काडी माझ्या हातात तशीच राहिली. ज्याला कीर्तनाचा नाद आहे त्यालाच कळेल मला काय झालं ते. पूर्वरंगात तत्त्व सांगायचं, आणि उत्तररंगात ते पटवून देणारं आख्यान लावायचं. तेच ते राजे, तेच ते ऋषी सांगून मी दमले होते. आणि इथे माझ्याच ओट्यापाशी, जिवंत, आजचं आख्यान! दीड महिना मी ते मनात घोळवलं. मुलीचं नाव बदललं. देश न सांगता ‘उत्तरेकडचा बर्फाळ मुलूख’ म्हटलं. मालकाला मिशा दिल्या. चार पदं स्वतः रचली, एक आर्या. आणि त्या शनिवारी जवळच्या कँटन गावी देवळाच्या हॉलमध्ये मी ते लावलं. उपासना नेमकी शिकागोला सेमिनारला गेली होती. तिला सरप्राइज द्यायचं म्हणून मी काही बोलले नव्हते. हॉलमध्ये पन्नास माणसं डोळे पुसत होती.

आता ती माझ्यासमोर उभी होती.

“मी नाव बदललं होतं गं,” मी म्हटलं. “देशही सांगितला नाही.”

“उत्तरेला काय, नॉर्वेही आहे,” अरुणने माझी बाजू घ्यायचा प्रयत्न केला.

“काका, देवांच्या पाटाखाली पासपोर्ट ठेवणारी किती हॉटेलं असतील नॉर्वेत?”

अरुणने कॉपी तिला पाठवली आणि ‘डिलीट’ दाबलं.

“तीन आठवड्यांनी कोर्टात तिची साक्ष आहे,” उपासना म्हणाली. “आणखी चौघीजणी आहेत. त्या तिच्याकडे बघून उभ्या राहिल्यात. काल रात्री तिने मला सांगितलं, मी साक्ष देत नाही. तुमच्यावर विश्वास नाही म्हणाली. आणि बरोबर आहे तिचं.”

“चूक माझी आहे. तू काय केलंस?”

“मी तुम्हाला सांगितलं.” ती खुर्चीवर बसली. “वीस वर्षांत फ्रेंचमध्ये ही चूक केली नाही मी. इंग्लिशमध्ये नाही, फिनिशमध्ये तर नाहीच. कामाचे सगळे नियम त्या भाषांमध्ये शिकले ना. तुमच्याशी मेथी निवडताना मला वाटलं, मी घरात बोलतेय.”

मग तिने डोळे पुसले, पोहे मागून घेतले, बशी रिकामी केली आणि लॅपटॉप उघडून माझ्याच टेबलावर पत्रं लिहायला बसली. पहिलं तिथल्या सरकारी वकिलांना. काय घडलं, कधी, व्हिडिओ किती जणांनी पाहिला, प्रत सोबत जोडली आहे. दुसरं तिच्या संस्थेला, की या प्रकरणातून मी बाजूला होते आहे, रुपालीसाठी दुसरं माणूस द्या. तिसरं पक्षाच्या मतदारसंघ समितीला. त्यांची बैठक पुढच्या आठवड्यात होती. संसदेची यादी तिथेच ठरायची.

“पक्षाला कशाला?” अरुणने न राहवून विचारलं. “त्यांना कोण सांगणार आहे?”

“मी.”

तासाभरात फोन आला. समितीच्या सेक्रेटरीचा. मला फिनिश कळत नाही, पण समोरची बाई खूप बोलत होती आणि उपासना एकेका शब्दात उत्तर देत होती, एवढं कळत होतं. फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय म्हणत होत्या?

“म्हणत होत्या, पत्र मागे घे. व्हिडिओ काढलाय ना? फिनलंडमध्ये मराठी कोणाला कळतं?”

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, तिला कळतं.”

मी त्या दिवशी देवापुढे बसले तेव्हा नेहमीचं काही सुचलं नाही. माझ्याही देव्हाऱ्यात पाट आहे, त्यावर लाल कापड आहे. बराच वेळ मी त्याच्याकडे बघत राहिले आणि उठले. खाली जाऊन उपासनाच्या दारावर टकटक केली.

“मला तिची माफी मागायची आहे.”

“माफी मागण्यासाठी तिला फोन करायचा, म्हणजे पुन्हा तिच्या मनाविरुद्ध तिच्या घरात शिरायचं. तिला हवं असेल तर ती कळवेल. संस्था तिला जी नवी मदतनीस देईल तिच्याकडे तुमचं नाव देऊन ठेवते.”

“नाही कळवलं तर?”

“तर नाही कळवलं, काकू.”

शुक्रवारी काही नाही. शनिवारी दुपारी उपासनाला रुपालीचा निरोप आला, तो तिने मला शब्दशः वाचून दाखवला: “त्या कीर्तनवाल्या बाईंनी माझ्याबद्दल जे सांगितलं ते सगळं कागदावर लिहावं आणि मला वाचून दाखवावं. गाऊन नाही. वाचून.”

जबाब घेण्याच्या कामात ही शेवटची पायरी असते, हे मला तेव्हा कळलं. सगळं लिहून झालं की साक्षीदाराला त्याच्या भाषेत ओळ न् ओळ वाचून दाखवायची. तो म्हणेल ते खोडायचं. तो म्हणेल तेच ठेवायचं. उपासनाने वीस वर्षं हेच केलं होतं. रुपालीचा जबाबही असाच दोनदा वाचला गेला होता, म्हणून तिला ते ठाऊक होतं.

“सरकारी वकिलांना विचारलंय,” उपासना म्हणाली. “त्यांची हरकत नाही, पण अट आहे. तुम्ही एक अक्षर सुचवायचं नाही. वाचायचं आणि खोडायचं. काय काय खोडलं त्याचा कागद त्यांच्याकडे जाणार. मी खोलीत नसेन.”

“मी एकटी?”

“तुम्ही एकट्याच उभ्या राहता ना कीर्तनाला?”

कीर्तन मी कधी लिहून काढलं नव्हतं. डोक्यात टिपणं असतात, बाकी उभं राहिल्यावर सुचतं. रात्रीपर्यंत बसून व्हिडिओ ऐकत ऐकत अकरा पानं लिहिली. स्वतःचा आवाज ऐकताना पहिली दोन पानं मला अभिमान वाटत होता. नंतर वाटेनासा झाला.

रविवारी सकाळी नऊला स्क्रीनवर रुपाली दिसली. तिथे दुपारचे चार. तिशीची, केस घट्ट बांधलेले, अंगात जाड स्वेटर. शेजारी एक पांढऱ्या केसांची फिनिश बाई, तिची नवी मदतनीस. त्या बाईंना मराठी येत नव्हतं, पण त्या सारखं रुपालीच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

“नमस्कार काकू,” रुपाली म्हणाली. “माफीचं आधी नको. आधी वाचा.”

मी वाचायला लागले. मुलगी गरीब घरातली, बाप लहानपणीच गेलेला.

“थांबा. माझे बाबा आहेत. शाळेत शिपाई आहेत. त्यांना का मारलंत?”

मी खोडलं. मालकाच्या मिशा आल्या तेव्हा तिला हसू फुटलं. “त्याला मिशी नाही. पण राहू दे, शोभते.” मग लगेच, “नाही, खोडा. कोर्टात म्हणतील दुसराच माणूस.”

चौथ्या पानावर मी वाचलं की ती रोज पूजा करताना ओक्साबोक्शी रडायची.

“मी रडले नाही.”

“अजिबात नाही?”

माझ्या तोंडून निघून गेलं. लगेच जीभ चावली, विचारायचं नव्हतं. पण तिने उत्तर दिलं.

“वेळ कुठे होता? सातला कणीक मळायची असायची. वीस किलो. तुम्ही मळून बघा, मग रडा.”

खोडलं.

आणि मग आठवं पान. माझं सगळ्यात लाडकं. इथे मी भैरवी लावली होती, इथे हॉलमध्ये हुंदके ऐकू आले होते. त्या दिवशी पहाटे मुलगी देवांना स्नान घालते, आणि पाट आपोआप सरकतो, लाल कापड सुटतं, आणि देवच तिच्या हातात पासपोर्ट ठेवतो. जा बाळ, म्हणतो. तू मोकळी आहेस.

वाचताना माझा आवाज थोडा कीर्तनाच्या वळणावर गेला असावा. मी मान वर केली तेव्हा रुपाली स्क्रीनच्या अगदी जवळ आली होती.

“काकू, पाट आपोआप सरकला नाही.”

“बरं.”

“मी उचलला. तीन दिवस आधीपासून ठरवलं होतं. पहिल्या दिवशी हात लावला आणि परत आले. माझे हात इतके थरथरले की बाळकृष्ण खाली पडला, त्याचा कान उडाला. अजून मनातून जात नाही ते. दुसऱ्या दिवशी नुसती पूजा केली. तिसऱ्या दिवशी देवाला म्हटलं, तुला राग यायचा तर येऊ दे. आणि उचलला. तुम्ही माझं काम देवाला देऊन टाकलंत.”

मी पेन उचललं.

“आणि पासपोर्ट एक नव्हता,” ती म्हणाली. “पाच होते. पाचही घेतले. चौघींचे त्यांना नेऊन दिले, मग मागच्या दाराने निघालो. तुमच्या कीर्तनात मी एकटीच निघून जाते. मी तशी नाही.”

मी ते पान आडवी रेघ मारून खोडलं. पेन इतकं दाबलं की कागद फाटला. माझा देवावरचा भरवसा त्या रेघेने कमी झाला नाही, हे सांगायला हवं. पण त्याच्या नावावर मी जे खपवलं होतं ते त्याचं नव्हतं. असला खोटा मान त्याने मागितला कधी होता?

शेवटी अकरा पानांतलं सव्वा पान उरलं. मी तिला ते पुन्हा वाचून दाखवलं. ती मान हलवत ऐकत राहिली.

“आता माफी मागा,” ती म्हणाली.

मागितली. काय शब्द वापरले ते आठवत नाही.

“आईला मीच सांगणार होते,” रुपाली म्हणाली. “साक्ष झाल्यावर, घरी जाऊन, तिच्याजवळ बसून. कधी सांगायचं, कसं सांगायचं, ते माझं होतं. ते आता परत येत नाही. म्हणून मी लगेच माफ केलं असं म्हणत नाही.”

“नको म्हणूस.”

“आवाज मात्र गोड आहे तुमचा. राग आलाय म्हणून ते खोटं कशाला सांगू?”

साक्ष देणार की नाही, ते तिने सांगितलं नाही. मला विचारायची परवानगी नव्हती.

व्हिडिओ डिलीट झाला होता, पण किती फोनमध्ये उतरवून घेतला होता कोण जाणे. पुढच्या शनिवारी हॉलमध्ये माझं पुढचं कीर्तन होतं. मी सांगितलं, मला आधी दहा मिनिटं द्या, मग दुसऱ्या कोणाचं तरी गाणं ठेवा. आणि पेटी न उघडता, झांज न घेता उभी राहिले. पंचवीस वर्षं त्या हॉलमध्ये उभी राहतेय, असं कधी झालं नव्हतं.

मी सांगितलं की मागचं आख्यान एका जिवंत माणसाचं होतं, तिला न विचारता सांगितलं, आणि चुकीचं सांगितलं. ज्यांच्या फोनवर आहे त्यांनी ते काढा, ज्यांना पाठवलंय त्यांना काढायला सांगा.

सुमंत नावाचे एक गृहस्थ आमच्याकडे आहेत, पुण्याचे, सॉफ्टवेअरमध्ये. प्रत्येक कार्यक्रमात त्यांना काहीतरी बोलायचं असतंच.

“शोभनाताई, इतकं सुंदर झालं होतं. माझ्या सासूबाई तर तीनदा रडल्या. एवढं काय त्यात? नाव तर घेतलं नव्हतं.”

“सुमंत, तुमच्या व्हिसाची केस अडकली होती ना मागच्या वर्षी?”

“हो, त्याचं काय?”

“त्याच्यावर आख्यान लावू? नाव बदलते. रचना चांगली होईल.”

लोक हसले. सुमंत हसले नाहीत. त्यांनी खिशातून फोन काढला आणि अंगठ्याने काहीतरी दाबलं. मग शेजारच्या रांगेतल्या दोघींनी काढला. मी तिथेच उभी राहून वाट बघत राहिले, एकेक फोन खाली जाईपर्यंत.

उपासना मागच्या रांगेत होती. त्या दिवशी पहिल्या रांगेत बसली नाही.

त्याच आठवड्यात पक्षाचं उत्तर आलं. तुझ्या प्रामाणिकपणाचा आदर आहे वगैरे दोन ओळी, आणि मग हेच, की या वेळी यादीत तुझं नाव नसेल, पुढच्या वेळी बघू. तिने ते मोठ्याने वाचलं, मराठी करून.

“म्हणजे नंबर नाही?” अरुणने विचारलं. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

“पक्षाचा नाही. शंभर मतदारांच्या सह्या आणल्या तर अपक्ष म्हणून उभं राहता येतं.” ती भांडी घासत होती, घासता घासता बोलत होती. “आमच्या भागात ओळखतात मला. काही जण ओळखतात म्हणूनच देणार नाहीत.”

“निवडून येशील?”

“अपक्ष सहसा येत नाही, काका.”

“मग कशाला एवढा त्रास?”

“असल्या हॉटेलांच्या किचनमध्ये मालकाच्या परवानगीशिवाय इन्स्पेक्टर जाऊ शकेल की नाही, याचा कायदा पुढच्या संसदेत येणार आहे. प्रचारात त्यावर कोणीतरी बोलायला हवं. मी उभी राहिले तर इतरांना उत्तर तरी द्यावं लागेल.” तिने कढई पालथी घातली. “आणि मी काय चूक केली ते पहिल्या पत्रकावर लिहिणार आहे. तिला विचारून. ती नाही म्हणाली तर नाही.”

साक्षीच्या दिवशी आम्ही तिघंही घरातच होतो. उपासनाला काही कळवण्याचं कोणावर बंधन नव्हतं. ती त्या प्रकरणात नव्हतीच. ती सकाळपासून पेपर तपासत बसली. मी दोनदा चहा केला, दोन्ही वेळा निवला. बाहेर पहिला बर्फ पडला होता आणि अरुण गरज नसताना तिसऱ्यांदा ड्राइव्ह-वे साफ करत होता.

साडेअकराला माझ्या फोनवर व्हॉइस मेसेज आला. उपासनाच्या नाही, माझ्या. मी तो टेबलावर ठेवून लावला.

“काकू, रुपाली बोलतेय. झाली साक्ष. चार तास. मालकाच्या वकिलाने तुमचा व्हिडिओ काढला. म्हणाला, ही सगळी देवाची गोष्ट आहे, कोणीतरी शिकवलेली. मी म्हटलं, त्यात देवाने पासपोर्ट दिला, खऱ्यात मी उचलला. त्यात एक आहे, खऱ्यात पाच आहेत. आणि ते सगळं मी स्वतः खोडून घेतलंय, कागद सरकारी वकिलांकडे आहे, बघा. मग त्याने बाळकृष्णाच्या कानाबद्दल विचारलं. मी सांगितलं. बाकीच्या चौघी उद्या आणि परवा. निकाल फेब्रुवारीत. ठेवते. हां, आणि उपासनाताईंना सांगा, पत्रकाचं चालेल. पण छापण्याआधी वाचून दाखवायचं.”

उपासनाने मेसेज पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा. मग तपासायचे पेपर बाजूला सारून तिने कोरा कागद घेतला.

डिसेंबरमध्ये ती परत गेली. विमानतळावर अरुणने तिला झांजेची जोडी दिली, सिक्युरिटीवाल्याला काय सांगायचं ते तिचं तिने बघावं म्हणाला. मला तिने वाकून नमस्कार केला नाही, मिठी मारली. तिची नाराजी पूर्ण गेली होती का, मला माहीत नाही. मीही विचारलं नाही. मैत्रीत काही गोष्टी हळूहळूच मिटतात, आणि आमची मैत्री होती, एवढी मला खात्री आहे.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी फोन केला. आमच्याकडे सकाळचे सात, तिच्याकडे दुपारचे दोन. मागे वारा इतका घोंघावत होता की तिचा अर्धा आवाज उडून जात होता.

“कुठे आहेस?”

“मार्केटच्या चौकात. उणे अकरा. थर्मास, टेबल, आणि मी. कॉफी फुकट, सही ऐच्छिक.”

“किती झाल्या?”

“अठ्ठेचाळीस. सकाळी एक आजोबा आले. पत्रक पूर्ण वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं. म्हणाले, चूक कबूल करणाऱ्या माणसाला संसदेत कोण टिकू देईल? आणि गेले.”

“सही न करता?”

“न करता. पाच मिनिटांनी बायकोला घेऊन परत आले. दोघांचीही झाली.”

“पाय गारठले असतील गं तुझे. आत जाऊन बस जरा.”

“चारला अंधार पडतो काकू, त्याआधी साठपर्यंत पोचायचंय.” मग तिचा आवाज एकदम बदलला, फिनिशमध्ये कोणाला तरी नमस्कार घालणारा झाला, आणि पुन्हा घाईघाईने मराठीत. “ठेवते हं. कोणीतरी थांबलंय.”